मॉड्यूलमधला संवाद : मोबाइल ॲपच्या आत आणि बाहेर

मोबाइल ॲप पडद्यावर एकसंध दिसते, आतून ते तसे नसते. चंदीगडच्या शहर बसचे तिकीट काढून देणारे एखादे ॲप कल्पावे. त्यात मार्ग शोधण्याचा भाग असेल, बस कुठवर आली ते नकाशावर दाखवणारा असेल. तिकीट, मासिक पास, पैसे भरणे, लॉगिन, सूचना आणि हिंदी-पंजाबी-इंग्रजी मजकूर सांभाळणारे भाग वेगळे असतील. बहुधा ते वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले असतील. अशा प्रत्येक स्वतंत्र भागाला मॉड्यूल म्हणतात. पैसे जमा झाले की तिकिटाच्या भागाला कळले पाहिजे, पास संपत आला की सूचनेच्या भागाला कळले पाहिजे आणि सूचनेवर बोट ठेवले की नेमके पासाचेच पान उघडले पाहिजे. हे निरोप कुणी, कोणत्या वाटेने आणि कोणत्या स्वरूपात पोचवायचे याची ॲपमध्ये बसवलेली नियमबद्ध व्यवस्था म्हणजे मॉड्यूलर संवादाचे फ्रेमवर्क.

भाग पाडणे हे त्यातले सोपे काम. फोल्डर केले, नावे दिली की ते उरकते. ते भाग एकमेकांशी काय बोलतील आणि मुख्य म्हणजे काय बोलणार नाहीत, हे ठरवताना कस लागतो. ॲपची रचना चांगली की वाईट हे तिथेच ठरते.

हा विचार मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. शीर्षकांची अनुक्रमणिका तयार करणारा एक साधा प्रोग्राम घेऊन त्यांनी तो दोन पद्धतींनी विभागून दाखवला. पहिली पद्धत कुणालाही सुचेल अशी: आधी वाचणे, मग शब्द फिरवणे, मग वर्णानुक्रम लावणे, मग छापणे, कामाच्या प्रत्येक पायरीचे एक मॉड्यूल. दुसऱ्या पद्धतीत पुढेमागे बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात दडवला होता. ओळी मेमरीत कशा साठवायच्या हे बदलायचे ठरले, तर पहिल्या रचनेत जवळजवळ सगळे भाग उघडावे लागत, दुसरीत एकच. मॉड्यूलने आपली माहिती लपवावी आणि बाहेर फक्त नेमके दार ठेवावे, हा नियम तिथून रूढ झाला. आजच्या अँड्रॉइड प्रकल्पातही तो तसाच लागू पडतो, आणि तितक्याच वेळा मोडला जातो.

मोबाइलवर मॉड्यूल पाडण्याची निकड थोड्या वेगळ्या कारणांनी आली. अँड्रॉइड ॲपचा कोड ज्यात भरलेला असतो त्या एका डेक्स फाइलमध्ये जास्तीत जास्त ६५,५३६ मेथडचे संदर्भ मावतात. ॲपमध्ये लायब्ऱ्या घालत गेले की ही मर्यादा अचानक आडवी येई. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून एकाहून जास्त डेक्स फाइली सरळ चालू लागल्या आणि तो पेच सुटला. पण तोवर ॲपचा पसारा इतका वाढला होता की एक ओळ बदलली तरी बिल्ड, म्हणजे कोडमधून ॲप बांधून तयार, व्हायला काही मिनिटे लागत. मॉड्यूल वेगळे असतील तर बदललेलाच भाग पुन्हा बांधावा लागतो. आणखी एक कारण धंद्याचे आहे. चंदीगडच्या राजीव गांधी टेक्नॉलॉजी पार्कात किंवा शेजारच्या मोहालीत परदेशी ग्राहकांसाठी ॲप बनवून देणारी कंपनी एकाच वेळी अनेक प्रकल्पांवर काम करते. लॉगिन, चॅट, पैसे भरणे हे भाग प्रत्येक ग्राहकासाठी नव्याने लिहिणे परवडत नाही. एका ॲपमधून उचलून दुसऱ्यात बसवता येईल असे मॉड्यूल हवे असेल, तर त्याचे आजूबाजूच्यांशी असलेले संबंध मोजके आणि स्पष्ट हवेत.

संबंध मोजके ठेवण्याचा प्रयोग या शहराच्या आखणीतच पाहायला मिळतो. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी १९५१ पासून आखलेल्या चंदीगडचा सर्वसाधारण सेक्टर ८०० मीटर बाय १२०० मीटरचा आहे. शाळा, दवाखाना, दुकाने, बाग अशा रोजच्या गरजा सेक्टरच्या आत भागाव्यात अशी योजना. रस्त्यांना व्ही-१ ते व्ही-७ अशा पायऱ्या दिल्या आहेत. सेक्टरला चहूबाजूंनी वेढणारा व्ही-३ जलद वाहतुकीसाठी आहे आणि त्यावर घरांची दारे उघडत नाहीत. आत शिरायला ठरावीक जागा आहेत, तिथून बाजाराचा व्ही-४, पुढे वस्तीतून फिरणारा व्ही-५ आणि दारापर्यंत नेणारा व्ही-६. सेक्टर २२ मधले एखादे घर पाडून नवे बांधले तरी सेक्टर ३५ ला त्याची झळ लागत नाही. चांगल्या ॲपमध्ये मॉड्यूलचेही असेच असते: आत हवी तेवढी दाटी, बाहेरच्या वाहतुकीला दारे मोजकी. प्रत्येक घराने आपल्या सोयीने व्ही-३ वर दार काढले तर काय होईल, त्याचे प्रात्यक्षिक मात्र घाईत लिहिलेल्या ॲपमध्येच पाहावे.

ॲपच्या आतल्या संवादाच्या तीन-चार रीती आहेत. पहिली रीत थेट विचारण्याची, पण करारामार्फत. पैसे भरण्याच्या मॉड्यूलचे दोन तुकडे करतात. एका तुकड्यात नुसता करार म्हणजे इंटरफेस असतो: ‘रक्कम आणि तिकिटाचा क्रमांक द्या, यश, अपयश किंवा प्रलंबित असे उत्तर मिळेल.’ दुसऱ्या तुकड्यात ते काम प्रत्यक्ष कसे होते त्याचा कोड. तिकिटाच्या मॉड्यूलला फक्त पहिला तुकडा दिसतो. दोन्हींची गाठ सर्वांत वरचे ॲप मॉड्यूल घालून देते आणि त्यासाठी अँड्रॉइडवर डॅगर किंवा हिल्ट अशी साधने वापरतात. गाठीत चूक असेल तर डॅगर ती बिल्डच्या वेळीच दाखवतो, हा मोठा फायदा. उद्या पैसे भरण्याची कंपनी बदलली तरी तिकिटाच्या कोडला हात लावावा लागत नाही. चाचणीच्या वेळी खऱ्या अंमलबजावणीच्या जागी एक खोटी बसवतात, ती दर वेळी ‘प्रलंबित’ असेच उत्तर देते. तिकिटाचे पान अशा वेळी काय दाखवते हे मग एक रुपयाही न भरता तपासता येते.

दुसरी रीत पत्त्याची. पासाचे पान उघडायचे असेल तर सूचनेचा भाग त्या पानाचा क्लास ओळखत नाही. तो राउटरला ‘पास, क्रमांक अमुक’ असा पत्ता देतो आणि राउटर पान शोधून उघडतो. हाच पत्ता एसएमएसमधल्या दुव्यात घालता येतो किंवा सूचनेत पाठवता येतो. अलीबाबाने अँड्रॉइडसाठी खुली केलेली एआरराउटर ही लायब्ररी याच कामाची. या रीतीची कमजोरी अशी की पत्ता म्हणजे शेवटी साधा मजकूर. एक अक्षर चुकले तरी बिल्ड बिनतक्रार होते आणि चूक कळते ती प्रवाशाच्या हातातल्या फोनवर.

तिसरी रीत घोषणेची आणि तिच्याबद्दल सावधगिरीने बोलायला हवे. पैसे जमा झाले की पैशांचे मॉड्यूल ‘पैसे जमा’ अशी घोषणा करते. कोण ऐकते आहे याची त्याला फिकीर नसते. तिकीट, पास, सूचना हे भाग त्या घोषणेचे वर्गणीदार असतात आणि आपापले काम करतात. ग्रीनरोबोट कंपनीची इव्हेंटबस आणि स्क्वेअरची ओट्टो या लायब्ऱ्यांनी २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही पद्धत अँड्रॉइडवर फार लोकप्रिय केली. सुरुवातीला सगळे सुटसुटीत वाटते, कारण कुणीच कुणावर अवलंबून नाही. वर्षभराने मात्र एकच घोषणा सतरा ठिकाणी ऐकली जात असते, ती कुठून झाली हे कोड वाचून उमगत नाही, आणि एका वर्गणीदाराने घोषणा ऐकून दुसरी घोषणा केली, तिच्यावरून तिसऱ्याने पुन्हा पहिली केली, की ॲप गरगरत राहते. अवलंबित्व गेलेले नसते, ते फक्त दिसेनासे झालेले असते. पुढे स्क्वेअरनेच ओट्टो थांबवून आरएक्सजावा या लायब्ररीकडे जाण्याचा सल्ला दिला. गूगलनेही अशाच घोषणांसाठीचा आपला लोकलब्रॉडकास्टमॅनेजर मोडीत काढला, आणि त्याचे कारण देताना साफ म्हटले की यामुळे ॲपमधला कुठलाही भाग कुठल्याही भागाचे बोलणे ऐकू शकतो आणि थरांची शिस्त मोडते.

आज त्याजागी बहुतेक ठिकाणी प्रवाह वापरतात. पैशांचे मॉड्यूल आपल्या करारातच ‘व्यवहाराची सद्यस्थिती’ असा प्रवाह जाहीर करते. ज्याला हवा त्याने तो करार घेऊन ऐकावा. घोषणेची मोकळीक राहते आणि कोण कुणाचे ऐकतो हे बिल्ड फाइलीत लिहिलेले असते. कोटलिनमधला फ्लो, आयफोनवरचा कंबाइन ही त्याचीच साधने.

इथपर्यंत सगळे एकाच ॲपच्या चार भिंतींत चालले होते. खरी परीक्षा ॲपबाहेर पाऊल टाकले की होते, आणि तिचे सर्वांत परिचित उदाहरण रोज भारतभर घडते: यूपीआय. मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने उभारलेली ही व्यवस्था ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते सुरू झाली. सुरुवातीच्या चाचणीत २१ बँका होत्या.

सेक्टर ४३ च्या बसस्थानकावरून पीजीआय रुग्णालयाला जाणारा प्रवासी वीस रुपयांचे तिकीट निवडतो आणि यूपीआयचे बटण दाबतो. बसच्या ॲपकडे त्याच्या बँकेची काहीच माहिती नाही आणि असूही नये. ते फक्त एक ओळ तयार करते. ओळीची सुरुवात यूपीआयच्या ठरावीक स्कीमने म्हणजे उपसर्गाने होते आणि पुढे जोड्या येतात: पीए म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, पीएन म्हणजे त्याचे नाव, एएम म्हणजे रक्कम, सीयू म्हणजे चलन, टीआर म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, टीएन म्हणजे टीप. अँड्रॉइडला ही ओळ इंटेंटच्या स्वरूपात दिली जाते. इंटेंट हा अँड्रॉइडचा मूळचा निरोप. तो नाव घेऊन एका विशिष्ट भागाला पाठवता येतो किंवा ‘हे काम करू शकणारा कुणीही’ असा मोघमही पाठवता येतो. इथे तो मोघम असतो. अशी ओळ आपल्याला समजते असे ज्या ॲपनी आधीच नोंदवून ठेवले आहे त्यांची यादी पडद्यावर येते आणि प्रवासी आपल्या सवयीचे ॲप निवडतो. बसचे ॲप लिहिणाऱ्याने पैसे भरण्याच्या एकाही ॲपचे नाव कोडमध्ये घातलेले नसले तरी चालते, आणि उद्या नवे ॲप बाजारात आले तर तेही यादीत आपोआप दिसते.

या कराराचे कौतुक अशासाठी की दुकानाच्या गल्ल्यावर चिकटवलेल्या क्यूआर चौकटीतही अशीच ओळ असते. कॅमेऱ्याने वाचली काय किंवा दुसऱ्या ॲपने पाठवली काय, पैसे भरणाऱ्या ॲपच्या दृष्टीने निरोप एकच.

पुढचा टप्पा अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. पैसे भरणाऱ्या ॲपमध्ये पिन विचारणारे पान येते. भीम, फोनपे, गूगल पे यांची तोवरची पाने रंगाने, मांडणीने अगदी निराळी असतात. पिनचे पान मात्र सगळीकडे सारखेच दिसते. कारण ते त्या ॲपचे नसतेच. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची ‘कॉमन लायब्ररी’ प्रत्येक यूपीआय ॲपमध्ये मॉड्यूल म्हणून बसवलेली असते आणि पिन घेण्याचे काम तिचे. टाइप केलेले आकडे ती आतल्या आत सांकेतिक करते आणि यजमान ॲपच्या हाती फक्त ती बंद पुडी देते. ज्या ॲपवरून रोज पैसे जातात त्यालाही पिन कळत नाही. पार्नास यांनी सांगितलेल्या लपवाछपवीचे याहून नेटके उदाहरण सापडणे कठीण.

मग उत्तर परत येते आणि इथे नवखे प्रोग्रामर हमखास अडखळतात. पैसे भरणारे ॲप बसच्या ॲपला ‘यशस्वी’, ‘अयशस्वी’ किंवा ‘पाठवले आहे, निकाल यायचा आहे’ अशा अर्थाची स्थिती कळवते. हे उत्तर प्रवाशाच्याच फोनवर, एका ॲपकडून दुसऱ्याकडे आलेले असते. ते मध्ये बदलता येते, नेटवर्क गेले तर चुकीचे असू शकते, कधी येतही नाही, कारण प्रवाशाने मधेच फोन खिशात टाकलेला असतो. त्यामुळे या उत्तरावर विसंबून तिकीट देऊ नये. बसच्या सर्व्हरने टीआर क्रमांकावरून बँकेच्या बाजूला विचारून खातरजमा करावी आणि मगच तिकीट उमटवावे. दोन ॲपमधला संवाद प्रवाशाला काय चालले आहे ते सांगण्यापुरता. पैशांचा हिशेब दोन सर्व्हरांनी ठरवायचा.

आयफोनवर हेच काम थोडे अडचणीचे आहे. तिथे दोन ॲपनी एकच स्कीम नोंदवली असेल तर कोणते उघडेल याची हमी नसते. म्हणून तिथे व्यापारी ॲप बहुधा प्रत्येक पेमेंट ॲपची स्वतंत्र स्कीम वापरतात आणि यादी स्वतःच दाखवतात. म्हणजे नव्या ॲपची भर पडली की व्यापाऱ्याला आपला कोड बदलावा लागतो. एकाच कराराची दोन यंत्रणांवर इतकी वेगळी गत होते.

अँड्रॉइडच्या पोटात हे निरोप बाइंडर नावाच्या यंत्रणेतून जातात. प्रत्येक ॲप आपल्या वेगळ्या प्रोसेसमध्ये, वेगळ्या मेमरीत चालते आणि बाइंडर त्या कुंपणापलीकडे निरोप पोचवतो. एका प्रोसेसला त्यासाठी साधारण एक मेगाबाइट जागा मिळते आणि तीही त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या निरोपांत वाटलेली. फोटोच उचलून इंटेंटमध्ये घातला की ॲप कोसळते. फोटो जिथे आहे तिथेच ठेवून त्याचा पत्ता आणि तो वाचण्याची तात्पुरती परवानगी पाठवावी, ही रीत.

मोघम निरोप कुणीही ऐकू शकतो, म्हणून या मोकळेपणाला पुढे लगाम घालावा लागला. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून फोनवर कोणकोणती ॲप आहेत हे ॲपला सरसकट दिसत नाही. आपल्याला कोणत्या प्रकारच्या ॲपशी बोलायचे आहे ते आधी जाहीर करावे लागते. यूपीआय ॲपची यादी स्वतः दाखवू पाहणाऱ्या व्यापारी ॲपना त्यामुळे एक नोंद वाढवावी लागली, आणि ज्यांनी ती वाढवली नाही त्यांच्या यादीत ॲप असूनही दिसेना. २०२१ च्या अँड्रॉइड १२ ने बाहेरच्यांचे निरोप घेणाऱ्या प्रत्येक घटकाबाबत ‘हा बाहेरून उघडता येईल की नाही’ हे स्पष्ट लिहिणे सक्तीचे केले. त्याआधी इंटेंट-फिल्टर, म्हणजे कोणते निरोप समजतात याची नोंद, लावला की दार बाहेरच्यांसाठी आपसूक उघडे राही आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये लिहिलेल्या ॲपला आणखी एक सीमा ओलांडावी लागते: ॲपची भाषा आणि फोनची मूळ भाषा यांच्यातली. फ्लटर त्यासाठी प्लॅटफॉर्म चॅनेल देते. चॅनेलचे नाव दोन्हीकडे हुबेहूब सारखे हवे, नाहीतर पलीकडे कुणीच ऐकणारे सापडत नाही. पिजन हे साधन दोन्ही बाजूंचा कोड एकाच करारातून तयार करून ती चूक टाळते. रिॲक्ट नेटिव्हच्या जुन्या रचनेत प्रत्येक निरोप जेसन नावाच्या मजकूर-स्वरूपात बदलून पुलावरून पाठवला जाई आणि भराभर सरकवलेल्या लांब याद्यांमध्ये त्याचा उशीर जाणवे. २०२४ च्या ०.७६ आवृत्तीपासून हा पूल बाजूला ठेवणारी नवी रचना सरसकट लागू झाली.

करार एकदा बाहेर पडला की तो मागे घेता येत नाही, कारण जुनी आवृत्ती वापरणारे फोन वर्षानुवर्षे चालू राहतात. म्हणून नवे रकाने जोडावेत पण ऐच्छिक ठेवावेत, अनोळखी रकाना दिसला तर गुमान सोडून द्यावा आणि काढून टाकलेल्या रकान्याचा क्रमांक पुन्हा दुसऱ्या कशाला देऊ नये. गूगलने २००८ मध्ये खुल्या केलेल्या प्रोटोकॉल बफर्स या निरोपांचे स्वरूप ठरवण्याच्या साधनात हे नियम पद्धतीतच बसवलेले आहेत.

मॉड्यूलच्या सीमा माणसांच्या सीमांवरही ठरतात. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवले की कोणतीही संस्था जी प्रणाली आखते तिच्यात त्या संस्थेतल्या माणसांच्या परस्परसंवादाचा आराखडा उमटतो. चंदीगड, मोहाली आणि पंचकुला या त्रिनगरीत राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रस्ता ओलांडला की केंद्रशासित प्रदेश संपून पंजाब किंवा हरियाणा सुरू होतो, आणि त्याबरोबर प्रशासन, परिवहन खाते आणि त्यांची संगणक यंत्रणाही बदलते. या तिन्ही खात्यांच्या बस दाखवणारे ॲप करायचे म्हटले तर त्यात तीन स्रोतांची तीन मॉड्यूल निघणार हे कागदावर रेघ मारण्याआधीच ठरलेले असते. तिघांकडून येणारी माहिती एका सामाईक करारात बसवणारे चौथे मॉड्यूल वेळेवर लिहिले तर बाकीच्या ॲपला या सरहद्दींचा पत्ता लागत नाही. ते राहून गेले तर नकाशाच्या पानावरसुद्धा राज्यनिहाय ‘जर-तर’ लिहिलेले आढळते.

दोघांनी मिळून लिहिलेल्या पाच पानांच्या ॲपला हा सारा डोलारा लागत नाही. तिथे प्रत्येक बटणासाठी करार आणि अंमलबजावणी वेगळी करणे म्हणजे नुसते फाइलींचे पीक. एकाच फाइलीत चार माणसांचे बदल रोज आदळू लागले किंवा बिल्ड होईतो चहा पिऊन होऊ लागला, की विभागणीची वेळ आली असे समजतात. चालू ॲप तोडताना नेटवर्क आणि लॉगिन हे भाग बहुधा आधी बाहेर काढतात, कारण सगळे त्यांच्यावर अवलंबून असतात पण ते फारसे कुणावर नसतात. मग एकेक पान, आणि शेवटी ‘कॉमन’ नावाचे मॉड्यूल. कुठे ठेवावे हे न सुचलेले सगळे त्यात साठलेले असते आणि प्रत्येक मॉड्यूल त्यावर टेकलेले असल्याने त्यातली एक ओळ बदलली तरी सारे ॲप पुन्हा बांधले जाते. त्याचे तारखा-वेळांचे एक, रंग-बटणांचे एक, मजकुराचे एक असे तुकडे होतात. आणि ज्या फाइलींना यांपैकी कुठेच जागा सापडत नाही, त्या बहुधा कुणी वापरतच नसते.